कोपऱ्यातला तुकडा

माझ्या प्रयोगशाळेत तपासायला येणाऱ्या गर्भाशयांपैकी निम्मी तरी एसटीने यायची. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या छोट्या दवाखान्यांत ऑपरेशन व्हायचं. सर्जन काढलेली पिशवी आधी नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवायचे, कारण ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ऑपरेशन झालं असं आमच्याकडे कोणी मानत नाही. मग ती बरणीत, फॉर्मेलिनच्या पाण्यात घालून नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, हिंगोलीला नेऊन द्या. तो माणूस बरणी गमछ्यात गुंडाळून, मांडीवर घट्ट धरून यायचा. शेजारच्याने विचारलं तर लोणचं आहे म्हणून सांगायचा. बरणी बहुतेक वेळा लोणच्याचीच असायची, त्यामुळे ते अगदीच खोटं नसायचं.

मी पॅथॉलॉजिस्ट. शरीरातून काढलेला तुकडा बघून तो साधा आहे की कर्करोगाचा, हे सांगणं हे माझं काम. चाळीस वर्षं केलं. आलेल्या अवयवाचे पातळ काप करायचे, त्यातले नखाएवढे तुकडे निवडायचे, ते मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, मग यंत्राच्या पात्याने त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पदर काढून काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत यात एकच जागा धोक्याची. अख्ख्या अवयवातून तीन-चार तुकडे निवडायचे, आणि काचेवर तेवढेच दिसतात. जे निवडलं नाही ते जगातला कोणताही मायक्रोस्कोप दाखवत नाही.

त्या बायकांना मी क्वचितच पाहिलं. त्यांच्या गाठी पाहिल्या. ज्यांची तोंडं मी ओळखत नाही अशा हजारो बायांनी माझ्यावर भरवसा ठेवला आणि त्यावर माझं आयुष्य सुखाचं झालं. हे ऋण मी रोज आठवतो. पण आता सत्त्याहत्तराव्या वर्षी नुसतं आठवून भागणार नाही अशी एक गोष्ट आहे. साखऱ्याजवळच्या एका तांड्यातल्या बाईचा कर्करोग मी शोधला, असं हिंगोलीत बारा वर्षं मानलं गेलं. तो मी शोधला नाही. माझ्या टेक्निशियनने शोधला, आणि ते मी लपवलं.

त्याला सगळं गाव भाई म्हणायचं, मीही भाईच म्हणतो. त्याचे वडील कुरुंद्याला एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे माल पारखायला होते. पोत्याच्या तोंडचं हळकुंड ते हातातही घेत नसत. कोपरापर्यंत हात घालून तळचं काढायचे, मोडायचे, हुंगायचे आणि मग बोलायचे. भाई बाविसाव्या वर्षी लॅबचा कोर्स करून माझ्याकडे आला आणि मी प्रयोगशाळा बंद करेपर्यंत राहिला. मी त्याला आयुष्यभर अरे-तुरे केलं. इथे लिहिताना 'ते' लिहून पाहिलं, पण ते उशिरा नेसवलेल्या कोऱ्या धोतरासारखं दिसायला लागलं, म्हणून सोडून दिलं.

भाईने केलेल्या सुधारणा कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. लोणच्याच्या बरणीचं तोंड अरुंद. ताजं गर्भाशय त्यात दाबून जातं, पण फॉर्मेलिनमध्ये ते कडक होतं आणि मग बाहेर निघत नाही. आम्हाला बरण्या फोडाव्या लागायच्या. भाईने किराणा दुकानांतून बिस्किटांच्या रुंद तोंडाच्या रिकाम्या बरण्या मागून आणायला सुरुवात केली. घासून, वाळवून, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती तो त्या गावोगावच्या सर्जनांना पाठवायचा. सर्जन मला म्हणायचे, तुमची पद्धत चांगली आहे. मी मान डोलवायचो. तेव्हापासूनच मला ती सवय लागली असावी.

आणखी एक गोष्ट तो करायचा, आणि तीच या हकिकतीचं मूळ आहे. तपासणी झाली की उरलेला अवयव काही दिवस ठेवून मग जाळायला पाठवायचा, असा नियम. पण तांड्यातली म्हातारी माणसं, काही मुसलमान घरं, कधीकधी इतरही, तो परत मागायची. अंगाचा भाग आहे, मातीत गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हणायचो. भाई हो म्हणायचा. तो अवयव दोन दिवस साध्या पाण्यात ठेवायचा, पाणी बदलत राहायचा, म्हणजे फॉर्मेलिनची झळ घरच्यांच्या डोळ्यांना लागू नये. मग पांढऱ्या फडक्यात बांधून मागच्या दाराने द्यायचा. हे मला कळलं तेव्हा मी त्याला झापलं.

"हा दवाखान्याचा कचरा आहे. असा देता येत नाही."

"कचरा आपल्याला, साहेब. त्यांना अंग हाय. आमच्यातबी दफनच करतात."

"सापडलास ना, तर मी तुला ओळखत नाही म्हणून सांगेन."

"तुमी नका ओळखू. बाकी सगळी हिंगोली ओळखती मला," असं म्हणून तो काचा पुसायला गेला. त्याने ते थांबवलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

त्या बाईची बरणी घेऊन तिची सासू आली होती. सत्तरीच्या पुढची, काटक, एकटीच एसटीने आलेली. सून पन्नाशीची. सहा महिने अंगावरून जात होतं, सोनोग्राफीत मोसंबीएवढी गाठ दिसली, सर्जनने पिशवी काढली. म्हातारीने बरणी काउंटरवर ठेवली. मी आत बसून सगळं ऐकत होतो.

"आमच्या सुनंचं हाय. बघून झालं की माघारी द्या."

"आजी, पंधरा दिवस लागतेत," भाई म्हणाला.

"येवढीशी पिशवी बघायला पंधरा दिस? तेवढ्यात आमी सोयाबीन काढून, मळून, इकून मोकळे होतोत."

"सोयाबीनला कॅन्सर होत न्हाई म्हणून, आजी."

"तोंड लई चालून राहिलं तुजं. हात चालव."

"मातीत घालायचं का?"

"मंग काय फिरीजमधी ठिवायचं?"

मी आत हसलो. त्या दिवशी माझं मन तसं हलकंच होतं. दुपारी नांदेडला मित्राच्या मुलीचं लग्न होतं.

गर्भाशय उलट्या धरलेल्या पेरूसारखं असतं. आतली पोकळी त्रिकोणी, आणि वरच्या दोन कोपऱ्यांत दोन्ही बाजूंच्या नळ्या येऊन मिळतात. ते कोपरे उघडून पाहायचे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. त्यासाठी पिशवी दोन्ही कडांनी कापायची आणि पुस्तकासारखी उलगडायची. त्या बाईची पिशवी मात्र पुन्हा लोणच्याच्याच अरुंद बरणीत आली होती, वाकडी होऊन कडक झाली होती आणि गाठीने पोकळी एका बाजूला रेटली होती. नीट उलगडायला अर्धा तास गेला असता. मी मधोमध एकच काप दिला. गाठ दोन भागांत उघडली. पांढरी, चिवट, सुतळीच्या गुंड्यासारखी वळणदार. अशी गाठ साधीच असते. ती पाहून माझा हात सैल पडला. गाठीचा एक तुकडा, पिशवीच्या तोंडाचा एक, आणि आतल्या अस्तराचा एक, तोही खालून, जिथे सुरी सहज पोचली तिथून. चार दिवसांनी अहवाल लिहिला, साधी गाठ, कर्करोग नाही. अहवाल सर्जनकडे गेला. सर्जनने घरच्यांना सांगितलं, आता काळजी नको.

म्हातारी सांगितलेल्या दिवशी आली. भाईने ती पिशवी दोन दिवस आधीच पाण्यात टाकली होती. मी मायक्रोस्कोपवर होतो. तो दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, जरा बघता का? पिशवीच्या वरल्या कोपऱ्यातून काहीतरी झडून राहिलं. पाण्यात दाणे आलेत."

"रक्ताची गुठळी असेल."

"गुठळी काळी पडती. हे पांढरं हाय, ओल्या खोबऱ्याच्या किसावानी."

"अरे, रिपोर्ट जाऊन आठवडा झाला. देऊन टाक तिला."

मी डोळा वर उचलला नाही. हे वाक्य मी शब्दशः लिहितो आहे, कारण ते मला शब्दशः पाठ आहे. देऊन टाक तिला. त्याने दिलं असतं तर ती पिशवी संध्याकाळपर्यंत साखऱ्याच्या शिवारात पुरली गेली असती.

बाहेर तो म्हातारीला म्हणाला, "आजी, आज न्हाई जमणार. येत्या मंगळवारी या. साहेबांनी ठेवून घ्यायला सांगितलं." ती कुरकुरत गेली. मी मनात म्हटलं, हा हट्टी झालाय. आणि पुढची काच लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ट्रेमध्ये नेहमीसारख्या वीसेक काचा होत्या. मला नंबर न बघता काच लावायची खोड होती. आधी तुकडा बघायचा, मग कोणाचा ते. आठवी-नववी काच लावली आणि थांबलो. निरोगी अस्तरातल्या ग्रंथी पंगतीला बसल्यासारख्या असतात, दोघींच्या मध्ये वाढप्याला जायला जागा. इथे पाठीला पाठ लागली होती. मधली जागा उरलीच नव्हती, आणि काही ग्रंथी रांग सोडून खाली स्नायूत शिरल्या होत्या. शंकेला वाव नव्हता. मी कागदावर 'अस्तराचा कर्करोग' लिहिलं, कोण बिचारी, असं मनाशी म्हटलं आणि नंबर बघितला. नंबर साखऱ्याच्या बाईचा होता. पुढे चौथ्या तुकड्याचं एक जादा अक्षर, भाईच्या हातचं.

मी त्याला आत बोलावलं. तो हात मागे बांधून उभा राहिला.

"हा तुकडा कोणी कापला?"

"मी."

"तुला कापायचा अधिकार आहे का?"

एका बाईचा जीव माझ्या हातून निसटला होता, तो त्याने झेलला होता, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं.

"न्हाई," तो म्हणाला. "पर तुमचे तीन तुकडे खालचेच होते साहेब. कोपरा कुणी बघितलाच न्हवता."

मग मी बाहेर येऊन ती पिशवी दोन्ही कडांनी कापली आणि उलगडली. उजव्या कोपऱ्यात, गाठीच्या आड, शेंगदाण्याच्या दोन दाण्यांएवढी दाणेदार वाढ होती. सहज दिसत होती. उघडलं की दिसत होती. आणखी आठ तुकडे घेतले, आणि उरलेला अवयव ठेवून दिला, कारण मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तो मागणार हे नक्की होतं.

इथपर्यंतची चूक माणसाची चूक आहे. चाळीस वर्षांत जिच्यासारखी कोणाच्या हातून झाली नाही असा पॅथॉलॉजिस्ट मला भेटलेला नाही. पुढचं मात्र मी जाणूनबुजून केलं. सुधारित अहवालात लिहिलं की शंका आल्यामुळे जादा तुकडे घेतले. कोणाला शंका आली ते लिहिलं नाही. आमच्या रजिस्टरात 'तुकडे कोणी घेतले' असा रकाना होता. भाईने त्या जादा तुकड्यासमोर प्रामाणिकपणे आपलं नाव लिहिलं होतं. मी ते खोडलं आणि माझं लिहिलं. टेक्निशियनने कापलेलं दिसलं तर उद्या कायद्याचा प्रश्न येईल, असं मी त्याला सांगितलं. ते कारण खरं होतं, पण मी त्या कारणासाठी खोडलं नव्हतं. तो म्हणाला, "जशी मर्जी."

सर्जनचा फोन आला. "सर, तुम्ही परत काप घेतलेत म्हणून बाई वाचली. दुसरा कोणी असता तर रिपोर्ट देऊन विसरला असता."

मी म्हणालो, "हं."

तेवढंच. पण बारा वर्षं ते पुरलं.

ती बाई शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला मोठ्या शहरात गेली, दीड महिना राहिली आणि बरी होऊन आली. रोग पिशवीबाहेर गेला नव्हता. आणखी वर्षभराने गेलाच असता.

त्याआधी, ठरलेल्या मंगळवारी, म्हातारी आली होती. भाईने तिला सांगितलं की आता देता येणार नाही. का, ते तो सांगू शकत नव्हता. आजाराची बातमी घरच्यांना सर्जन सांगणार होते, ते त्याचं काम नव्हतं. म्हातारी पेटली.

"दोन खेपा केल्या मी. आधी पंधरा दिस म्हनलास, मंग मंगळवार म्हनलास. माज्या सुनंचं अंग इकलंस का रे?"

"न्हाई, आजी."

"मंग कुठं हाय? कुत्र्याला टाकलंस?"

"न्हाई, आजी."

"तुज्या घरात कदी कुणाचं अंग सलामत ऱ्हायचं न्हाई, बघ."

मी आत होतो. उठून बाहेर गेलो असतो आणि म्हटलं असतं की बाई, याच माणसाने तुमच्या सुनेचा जीव वाचवला, तर एका वाक्यात मिटलं असतं. मी पंख्याचं बटण दोन घरं पुढे सरकवलं, म्हणजे तिचा आवाज कमी येईल.

पुढच्या वर्षी डॉक्टर मंडळींच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि मी या केसवर वीस मिनिटं बोललो. पडद्यावर चित्रं दाखवायला भाईच होता, कारण ते यंत्र त्यालाच जमायचं. मी "पुढचं" म्हणायचो, तो बटण दाबायचा. कोपऱ्यातल्या त्या तुकड्याचं चित्र पडद्यावर भिंतभर आलं तेव्हा मी म्हणालो, "इथे अनुभव उपयोगी पडतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावच्या पेपरात बातमी आली.

ती बाई दर पौषात ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन यायची. भरलेली पिशवी दारात भाईच्या हातात द्यायची आणि आत येऊन माझ्या पाया पडायची. भाई ती पिशवी माझ्या गाडीत नेऊन ठेवायचा. प्रयोगशाळा बंद झाल्यावर ती घरी यायला लागली. शेंगा फार गोड असायच्या. माझी बायको मीठ घालून उकडायची. मी खायचो.

मी काहीच केलं नाही असंही नाही. त्या प्रकरणानंतर आमच्याकडे नियम झाला की मी तुकडे निवडल्यावर उरलेला अवयव भाईने उलगडून बघायचा, आणि त्याला काही खटकलं तर मी पुन्हा कापायचं. त्याचं बोट चुकीच्या जागी फार कमी वेळा पडलं. त्या नियमामुळे किती बायांचं निदान वेळेवर झालं हे मी मोजलं नाही, पण त्यातल्या प्रत्येकीसाठी मी त्याचा आभारी आहे. मला वाटायचं, यात फिटलं. भाईही कधी काही बोलला नाही.

यंदाच्या ईदला मी नेहमीसारखा त्याच्याकडे शीरखुर्मा प्यायला गेलो. त्याची मुलगी नांदेडहून माहेरी आली होती. ती तिथे नर्स आहे, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. वाटी माझ्या हातात देताना ती हसत म्हणाली, "अंकल, तुमच्यामुळे मला सातवीत अख्खा तास उभं केलं होतं."

"माझ्यामुळे?"

"बाईंनी पेपरातली तुमची बातमी वर्गात वाचून दाखवली. मी हात वर केला आणि म्हटलं, ते माझ्या अब्बांनी शोधलंय. बाई म्हणाल्या, अब्बा तिथे काय करतात? मी म्हटलं, टेक्निशियन आहेत. बाई म्हणाल्या, मग मोठ्या माणसांच्या कामावर हक्क सांगू नये, खोटं बोलू नये. सगळे हसले. सातवी संपेपर्यंत मला वर्गात 'डॉक्टरीण' म्हणायचे."

"चूप बैठ," आतून भाई म्हणाला.

"गंमत सांगतेय हो, अब्बा." तिने ती गंमत म्हणूनच सांगितली होती. लेकरू माझ्या चष्म्याला हात घालत होतं. मी वाटी खाली ठेवली. भाईने घरी लेकीला खरं सांगितलं होतं, तिने ते शाळेत खरं म्हणून सांगितलं, आणि माझ्या एका 'हं'मुळे ती खोटारडी ठरली होती. हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचा मी प्रयत्न केला नव्हता.

घरी येऊन मी माळ्यावरून जुनी रजिस्टरं काढायला लावली. ते पान सापडलं. मी इतकं दाबून खोडलं होतं की मागच्या पानावर वळ उठला होता. मी माझं नाव खोडलं, शेजारी भाईचं पूर्ण नाव लिहिलं, आजची तारीख घातली आणि सही केली. मग रजिस्टर घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने चष्मा लावून पान बघितलं.

"आता काहून, साहेब? लॅब बी बंद झाली."

"तुला राग आला नव्हता का?"

त्याने चष्मा काढला. "झूठ काहे को बोलू साब, बुरा लगा था. टाळ्या वाजल्या तेव्हा न्हाई. पोरगी शाळेतून आली त्या दिवशी. मला म्हणाली, अब्बा, तुमी नक्की शोधलं होतं ना?"

मी म्हटलं, "उद्या साखऱ्याला चल." तो नको म्हणाला. मी म्हटलं, तू आला नाहीस तर मी एकटा जाईन आणि कुठेतरी चुकीचं सांगून येईन. तेव्हा तो तयार झाला.

तांड्यावर ती बाई घरापुढच्या छपरात ज्वारी पाखडत होती. आता साठी ओलांडलेली, केस पांढरे, अंगाने भरलेली. मला बघून सूप बाजूला ठेवलं.

"साहेब, तुरीला लई टाईम हाय अजून. आत्ताच आलात?"

मी बसलो. पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं. आधी अडखळलो, मग सुरुवातीपासून क्रमाने सांगितलं. कोपरा, दाणे, देऊन टाक तिला, काच, खोडलेलं नाव. संपल्यावर म्हणाली, "मंजी पयल्यांदा तुमी बघितलंच न्हाई?"

"बघितलं. कोपरा नाही बघितला."

"काहून?"

"घाई होती. नांदेडला लग्न होतं."

"कुनाचं?"

"मित्राच्या मुलीचं."

"जेवन तरी चांगलं होतं का?"

भाई जमिनीकडे बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, "आटवायला पायजे व्हतं. येवढं म्हाग जेवन." मग ती माझ्याकडून वळली आणि त्याच्याकडे तोंड करून बसली.

"भाऊ, आमची सासू मरूस्तोवर तुमाला शिव्या देऊन गेली. ठाव हाय ना?"

"ठाव हाय. बाजारात भेटली की तोंडावर द्यायची."

"हितं तर म्हनच पडली. कुनाची शेळी गावंना, कुनाचं खुरपं गावंना, की म्हनायचे, हिंगोलीच्या भाईनं नेलं असंल. माजी नातवंडं बी म्हनतेत. तुमी काहून न्हाई सांगितलं?"

"मी सांगून कुणाला पटलं असतं?"

तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग हळू आवाजात विचारलं, "ते कुठं हाय पर?"

"सगळे कागद झाले, मोठ्या दवाखान्याचं झालं, तेव्हा मी मातीत दिलं. आमच्या कब्रस्तानाच्या भिंतीला लागून कडुलिंब हाय, त्याच्याखाली. भिंतीच्या बाहेर दिलं, तुमच्या लोकांना वाईट वाटू नये म्हणून."

हे मलाही माहीत नव्हतं. तिने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या म्हातारीला येवढं कळलं असतं तर तिनं तुमाला घरात बसवून जेवू घातलं असतं." आणि उठली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली. ती छपराच्या कडेला जाऊन मोठ्याने हाका मारायला लागली. शेजारच्या बाया आल्या, तिची सून आली, दोन म्हातारे काठ्या टेकत आले, पोरं आली. सगळे बसल्यावर ती मला म्हणाली, "आता पुन्यांदा सांगा. शिव्या सगळ्यांनी ऐकल्यात, हे बी सगळ्यांनी ऐकू द्या."

मी उभं राहून सांगितलं. पहिल्यापेक्षा कठीण गेलं, कारण आता पोरं टक लावून बघत होती आणि एका म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असल्याने प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं. "देऊन टाक तिला" हेही दोनदा म्हटलं. भाईने मला दोन ठिकाणी अडवलं. मी म्हटलं की सगळं यानेच केलं, तर तो म्हणाला, "न्हाई साहेब. मी नुसता तुकडा कापला. रोग तुमीच ओळखला, नंबर न बघता. ते बी सांगा." आणि मी काच तिसऱ्या दिवशी बघितली म्हणालो, तर म्हणाला, "चौथ्या. मधी रविवार होता." मी दोन्ही दुरुस्त्या मान्य केल्या.

बोलणं संपल्यावर बसताना माझं लक्ष गेलं. भाईने आपला मोबाइल ज्वारीच्या सुपाशेजारी उताणा ठेवला होता. फोन चालू होता आणि पलीकडे लेकरू रडत होतं. त्याने तो उचलून माझ्या हातात दिला.

"अंकल," त्याची मुलगी म्हणाली, "पहिलं सगळं ऐकू आलं. मधे कुत्री भुंकत होती, तिथे गेलं. रजिस्टरात नाव कोणी खोडलं, तिथून पुन्हा सांगा."

छपरातली माणसं अजून उठली नव्हती. मी तिथून पुन्हा सांगायला सुरुवात केली.